कपाटात मी, पडद्यावर सरडा

परवा दुकानात हिरव्या जाळीच्या नव्या गुंडाळीचा प्लॅस्टिकचा वास आला आणि अमिरातीत, अल ऐनच्या आमच्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली. लेकीने मैत्रिणीकडून कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आणला होता. "ही नीड्स अ बिग हाऊस, बाबा," एवढं सांगून ती क्लासला गेली. बायको म्हणाली, "तो मोकळा दिसला तर मी तडक पुण्याला जाईन." मी जुन्या कपाटाचे कप्पे, पाठ आणि दारं काढली, सगळीकडे जाळी ठोकली, पुढे जाळीचंच दार लावलं आणि त्याला बाहेरून आपोआप पडणारी कडी बसवली. सरडा तोवर बादलीत, वर पिठाची चाळणी. आतला कोपरा ठोकायला मी गुडघ्यांवर आत शिरलो, तर पाय लागून दार मिटलं आणि कडी पडली. वळून पाहतो तो चाळणी खाली, आणि सरडा विचार करत करत पडदा चढतोय. "अगं, दार उघड!" मी ओरडलो. बायकोने आधी मला पाहिलं, मग त्याला. "थांबा, तुम्ही कुठे पळून जाताय?" म्हणत तिने पडद्याजवळ हात नेला. तो सावकाश तिच्या बोटांवर चढला. "किती हलका आहे हो!" ती कुजबुजली आणि त्याला घेऊन सोफ्यावर बसली. मी पुन्हा हाक मारली. "हळू बोला, घाबरेल तो." शेवटी लेक आली तेव्हा माझी सुटका झाली. आता लेक पुण्यात शिकते आणि सरडा बायकोचा झालाय. रोज सकाळी ती त्याच्या जाळीपाशी जाऊन लाडाने विचारते, "उठलास का रे राजा?" मी बेडरूममधून "हो" म्हणतो.