लक्ष्मीचा काळा रुपया

"हा आमचा रुपया नाही," वहिनी म्हणाल्या आणि नाणं माझ्या टेबलावर परत ठेवलं.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे दीर, अनंत शिर्के, बसले होते. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मी नुकतंच ते नाणं अस्सल असल्याचं सांगितलं होतं आणि मला वाटलं होतं, आता चहा मागवायचा. नाणं खरं की खोटं एवढं सांगणं माझं काम. ते कोणाचं, हे सांगण्यासाठी मला कोणी नोकरीवर ठेवलेलं नव्हतं.

इंटरनेटवरचे लिलाव आपल्याकडे नवेनवे होते, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी मी फोर्टमध्ये एका जुन्या नाण्यांच्या दुकानात बरीच वर्षं काढली होती. मीरा रोडला राहायला आल्यावर तिथल्याच हाटकेश भागातल्या एका छोट्या ऑनलाइन लिलाव कंपनीत लागले. ऑफिस म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला पहिल्या मजल्यावरचा गाळा. खाली इमिटेशन दागिन्यांना ऑक्सिडाइज करायचे, म्हणजे चकचकीत बांगड्या मुद्दाम काळ्या करून जुन्या दाखवायचे. दुपारी तिथून असा वास यायचा की ऑफिसात नवीन आलेला माणूस हमखास आपला डबा हुंगून बघायचा. माझं पद होतं 'ऑथेंटिकेशन एक्झिक्युटिव्ह'. घरी मी 'खोटी नाणी पकडते' एवढंच सांगायचे. सासूबाई बिल्डिंगमध्ये सांगत, सून पोलिसात आहे.

विक्रेते नाण्यांचे फोटो साइटवर टाकत. मी ते कॉम्प्युटरवर मोठे करून बघायचे. संशय आला की 'होल्ड'. बोली थांबायची आणि विक्रेत्याच्या नावापुढे लाल खूण यायची: नाण्याची चौकशी सुरू आहे. ही खूण जगाला दिसायची.

त्या वर्षी दिवाळीच्या खास लिलावात शिर्क्यांनी १९११चा चांदीचा रुपया टाकला होता. या रुपयाची एक गंमत आहे. त्यावर पंचम जॉर्ज राजा आहे आणि त्याच्या झग्यावर एक बारीकसा हत्ती. पण कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड केली की हत्तीचं डुक्कर झालं. लोकांची नाराजी झाली, सरकारने नाणी माघारी घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी सोंड लांब केली. जी नाणी लोकांच्या हाती राहिली, त्यांना आज भाव आहे. आणि भाव आहे तिथे बनवेगिरी आलीच.

या रुपयाची नक्कल दोन तऱ्हेने होते. एक, नंतरच्या सालाचा रुपया घेऊन आकडा कोरून बदलायचा. हे पकडणं सोपं, कारण हे कलाकार साल बदलतात आणि सोंड विसरतात. दुसरी तऱ्हा ओतीव नाण्याची. टांकसाळीत नाण्यावर ठसा मारतात, त्यामुळे रेघा करकरीत उठतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या रेघा मऊ येतात, आठवडाभर वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या. ते लपवायला नाणं काळं करतात. काळं म्हणजे जुनं, अशी गिऱ्हाइकाची समजूत असते.

शिर्क्यांच्या फोटोतल्या रुपयाच्या रेघा मऊ होत्या आणि रंग सगळीकडे सारखा काळा. जुनं नाणं खोबणीत काळं पडतं, पण हाताळून त्याचे उंचवटे उजळ राहतात. इथे राजाचा गालसुद्धा काजळ फासल्यासारखा. वर माहितीत लिहिलेलं, 'आजोबांपासून देवघरात.' ते वाचून मला हसूच आलं. आपल्याकडे देवघरातली चांदी कधी काळी राहते का? लक्ष्मीपूजनाआधी घरातली बाई रांगोळी, लिंबू, जे हाताला लागेल ते घेऊन ती घासून लख्ख करते. घासून घासून राजाचं नाक सपाट झालेले रुपये मी कितीतरी पाहिलेत. नाण्यांच्या धंद्यात यासारखं पाप नाही, घासलेल्या नाण्याची किंमत पडते. पण देवीला हे कोण सांगणार?

थोडक्यात, गोष्ट आणि नाणं जुळत नव्हतं. मी होल्ड घातला.

आमचे मालक मेहुलभाई लगेच टेबलाशी आले. "मॅडम, दिवाळी ऑक्शनका मेन आयटम है वो. थोडा चला लो ना."

"चलाया तो अगली दिवाली में मेन आयटम अपुन होंगे," मी म्हटलं. ते केबिनमध्ये परत गेले.

दुसऱ्या दिवशी शिर्क्यांचा फोन आला. ते भाईंदरला नवघरमध्ये राहणारे, मूळ रत्नागिरीकडचे. रुपया त्यांच्या वहिनींचा होता. पुतणीला घरी कॉम्प्युटर घ्यायचा होता, म्हणून विकायला काढलेला. त्याच पुतणीने सायबर कॅफेत बसून लाल खूण पाहिली आणि घरी येऊन आईला सांगितली.

"मॅडम, माझा भाऊ गेल्यापासून त्यांची बँक, लाइट बिल, सगळं मीच बघतोय," ते म्हणाले. "वहिनींनी कधी कशाचा हिशोब विचारला नाही. काल पहिल्यांदा विचारलं, भाऊजी, खरा रुपया कुठाय?"

आवाज अगदी शांत होता, पण मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, रुपया घेऊन या आणि वहिनींनाही आणा.

दोघं आले. वहिनी अंधेरीला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्या दिवशी हाफ डे टाकून आलेल्या. दिरांशी बोलत होत्या, पण मोजकंच, पाहुण्यांशी बोलावं तसं. मी वजन केलं. असा रुपया तोळाभर असतो, हा किंचित कमी भरला. लाकडी टेबलावर टाकला, तर स्वच्छ नाद आला आणि रेंगाळला. मग भिंगातून कडा पाहिली. चेहरा कितीही झिजला तरी कडेचे कंगोरे सहसा शाबूत राहतात, आणि ओतीव नाण्याच्या कडेला दोन साच्यांचा जोड हमखास सापडतो. इथे कंगोरे एकसारखे होते, जोड नव्हता. मुकुटाच्या मागे कडेला लहानसा खड्डा होता, जुन्या नाण्याला असतो तसा, मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. झग्यावरचं ते बिचारं डुक्करही अंधूक दिसलं. रेघा मऊ होत्या त्या झिजल्यामुळे.

"नाणं अस्सल आहे," मी सांगितलं आणि वहिनींच्या हातात दिलं. त्यावर त्या काय म्हणाल्या, ते सुरुवातीलाच लिहिलंय.

"आमचा पांढराशुभ्र असतो," त्या पुढे म्हणाल्या. "मीच घासते ना. हा कुठला आणलात, भाऊजी?"

शिर्के खाली बघत राहिले. माणूस खोटं बोलताना असा दिसतो आणि लाज वाटतानाही असाच दिसतो. मी नाणं उचललं, पुन्हा भिंगाजवळ नेलं आणि थबकले. नाण्याला वास येत होता. हा वास मी रोज दुपारी दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात घेत होते.

"शिर्के," मी विचारलं, "तुम्ही आमच्या खालच्या गाळ्यात आला होतात का?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "नेटवर वाचलं मॅडम, घासलेलं नाणं कोण घेत नाय, काळ्याला रेट मिळतो. एकाने हा गाळा सांगितला. बांगड्यांबरोबर बुडवून दिला त्यांनी."

"मग वहिनींना सांगायचंत ना!"

"काळी केलेली लक्ष्मी त्यांना दाखवू कशी?"

खरा रुपया खऱ्यासारखा दिसावा म्हणून या गृहस्थाने त्याचा खोटा रुपया केला होता. मला हसावं की रागवावं कळेना. वहिनींना मात्र दोन्ही सुचलं नाही.

"बांगड्यांच्या ढिगात दुसराच आला नसेल कशावरून?" त्या म्हणाल्या. "किंवा..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. शिर्क्यांना ते ऐकू आलं.

प्रश्न रास्त होता. भिंगाला मालकाचं नाव दिसत नाही. तेव्हा मी जे केलं, ते माझ्या फोर्टच्या शेठनी पाहिलं असतं तर मला दुकानाची पायरी चढू दिली नसती. ऑफिसच्या दारात काढायला रांगोळीची पुडी आणलेली होती. माझ्या डब्यात लिंबाची फोड होती. दोन्ही वहिनींपुढे ठेवलं.

"घासा."

मेहुलभाई काचेच्या केबिनमधून धावत आले. "मॅडम, क्या कर रहे हो! आप ही तो सबको बोलते हो, कॉइन घिसनेका नहीं!"

"एक बार घिसने दो."

वहिनींनी पदर खोचला आणि घासायला लागल्या. नाण्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. डाव्या तळव्यावर रुपया, उजवा अंगठा गोल फिरतोय. लिंबाचं पाणी काळं झालं, राजाचा गाल जरासा उजळला. अजून निम्म्याहून जास्त नाणं काळंच होतं, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. अंगठा थोडा मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"इथे अडकतो," त्या म्हणाल्या.

"काय अडकतं?"

"अंगठा. दरवर्षी इथेच अडकतो माझा." त्यांनी अंगठा उचलला. त्याखाली मुकुटाच्या मागचा तो खड्डा होता. "हाच आहे. आमचाच आहे."

मी वाकून पाहिलं. मेहुलभाईंनीसुद्धा. मग वहिनी दिरांकडे वळल्या.

"सांगायचं होतंत हो, भाऊजी. ओरडले असते, दुसरं काय केलं असतं? घरातल्या माणसाला चोर समजायची पाळी आणलीत माझ्यावर."

शिर्क्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. वहिनींनी रुपया रुमालात बांधला, पण पर्समध्ये न ठेवता तो शिर्क्यांच्या हातात दिला. "सांभाळून घ्या. उरलेला घरी घासते," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीपूजन झालं की पुन्हा लावा लिलावाला."

लाल खूण मी त्याच दुपारी काढली. दिवाळीनंतर नाणं लख्ख होऊन परत आलं. त्याची माहिती मी स्वतः लिहिली: 'अस्सल. दरवर्षी घासलेलं.' अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी किमतीला गेलं आणि मेहुलभाई मला आठवडाभर ते ऐकवत होते.

तसा फोटो आज समोर आला तरी मी होल्डच घालीन. आणि नाणी घासू नका, हेही जो भेटेल त्याला सांगत असते. फक्त त्यानंतर कोणी देवघरातलं म्हणून नाणं आणलं की वजनकाटा काढण्याआधी मी एक विचारते: घरात हे कोण घासतं? आणि त्या माणसाला सोबत घेऊन यायला सांगते.