कपाटातल्या हेडमास्तरांना हाक

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. थंडी कमी. दैवशालाबाई जिन्यावरून घसरल्या, पाय प्लॅस्टरमध्ये. शनिवारच्या नाटकातलं त्यांचं बायकोचं काम मी करायचं ठरलं. ह्यांचा कोट धोंडप्पांसाठी पेटीतून काढून उन्हात घातला. तुरी भरडायला दिल्या.

एवढं लिहून शांतम्मांनी वही मिटली. खरी अडचण त्यांनी लिहिलीच नव्हती.

मुरुम गावच्या शाळेत आता वर्गावर्गांत मोठे टीव्ही लागलेत, पण स्नेहसंमेलनाचं नाटक दरवर्षी तेच ठरलेलं. मूळचा जुना फार्स, सावकाराच्या घरातला. शांतम्मांचे यजमान या शाळेत मराठी शिकवायचे. त्यांनी तो फार्स शाळेत आणला, सावकाराचा हेडमास्तर केला, आणि बायकोला भिणाऱ्या त्या हेडमास्तराला खुशाल स्वतःचं नाव देऊन टाकलं. तपासणीला साहेब आले की हेडमास्तर कपाटात लपतो. बायको नावानं हाक मारते, तेव्हाच बाहेर येतो.

"घरात तू माझं नाव घेत नाहीस," ते म्हणाले होते, "निदान गावासमोर कुणीतरी घेऊ दे."

शांतम्मा सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या, सिस्टरांशी इंग्रजीत वाद घालणाऱ्या. पण लग्नानंतर सासूबाईंनी एकदा सांगितलं आणि नवऱ्याचं नाव ओठांवर आलं नाही ते आलंच नाही. ते गेल्यावरही नाही. दरवर्षी त्या विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायच्या. नावाची जागा आली की खांबावर बोटानं टकटक करायच्या. नाटकातल्या सगळ्यांना ते कळायचं.

तालमीत ती हाक त्यांनी "पुढं चला" म्हणून टाळली. नाटक बसवणारी शिवरंजनी लहानपणी याच नाटकात काम केलेली, आता शाळेतच शिक्षिका. तिनं त्यांना बाजूला घेतलं.

"आजी, एक वर्ष नाव बदलू का? कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. पोरांना कधी एक शब्द इकडचा तिकडं करू दिला नाही, आता स्वतःसाठी करू व्हय?"

हेडमास्तर झालेले धोंडप्पा कोटाच्या बटणांशी झटत होते. ते यजमानांचे जुने मित्र, कानानं जरा मंद. "वैनी, कपाटात मला लई कमी ऐकू येतंय. जोरात हाक मारा, नाहीतर मी तिथंच झोपंन."

"झोपा. कोट चुरगळू नका म्हणजे झालं."

शनिवारी मैदान भरलं. नाटकातले साहेब खुर्चीत बसले, कपाटाचं दार लागलं आणि शांतम्मा रंगमंचावर मधोमध उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. लोक हसले.

"अहो, ऐकलं का?"

आणखी हसले. कपाट हललं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका मात्र हसता हसता गप्प झाल्या. काय अडलंय ते त्यांना ठाऊक होतं.

विंगेत शिवरंजनी संहिता घेऊन बसली होती. तिनं शब्द पुरवला नाही. खांबावर बोटानं टकटक केलं.

कपाटाच्या फटीत करड्या कोटाची बाही अडकली होती. शांतम्मांनी त्या बाहीकडे पाहिलं.

"महांतप्पा," त्या म्हणाल्या. जेवायला बोलवावं तसं.

दार उघडलं नाही. मग त्यांनी पदर खोचला आणि मैदानाच्या फाटकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "महांतप्पा, बाहेर या!"

दार उघडलं. कपाटातला पृथ्वीचा गोल डोक्यावर घेऊन धोंडप्पा बाहेर आले आणि यजमानांनी लिहिलेलं वाक्य बोलले, "आलो की गं. एवढ्या मोठ्यानं नाव घेतात का?"

मैदान हसून लोटपोट झालं. हसू ओसरेपर्यंत शांतम्मांना थांबावं लागलं. ते बरंच झालं, त्यांनाही तेवढा वेळ हवा होता.

नाटक संपल्यावर धोंडप्पांनी कोट घडी करून हातात दिला. "वैनी, पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं मला."

"मग उघडायचं होतं की."

"पुन्हा ऐकावंसं वाटलं. त्यानं किती वर्षं वाट बघितली, माझं काय जातंय."

शांतम्मांनी कोट काखेत घेतला. घरी आल्या, हातपाय धुतले आणि वही उघडली.

१८ जानेवारी, शनिवार. नाटक ठीक झालं. डाळ भरडून आली, चाळायची आहे. महांतप्पांचा कोट झटकून पेटीत ठेवला, खिशात डांबरगोळ्या टाकल्या.