कोशाचं सोवळं

कोशाचं पाखरू काही खात नाही. चार दिवस जगतं, अंडी घालतं, मरतं. खायचं काम सगळं अळीचं, आणि तिची चाकरी माझ्या सासरच्या पुरुषांची. वैनगंगेकाठचं गाव, नव्वदीतली गोष्ट. जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांवर हिरव्या अळ्या सोडायच्या, पाला संपला की दुसऱ्या झाडावर न्यायच्या, आणि कोसे, म्हणजे टसर रेशमाचे कोश, होईपर्यंत कावळे हाकलत तिथंच खोपीत राहायचं.

बाईनं मात्र तिकडे पाऊल टाकायचं नाही. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, या सोवळ्याचे ठेकेदार. तेवढे दिवस दाढी नाही, हळद नाही, मासोळी नाही, बायकोचं तोंड पाहणं नाही. खर्रा तेवढा सुटत नव्हता! मी डबा घेऊन जंगलाच्या कडेपर्यंत जायचे, तिथून दिसायचं. पन्नीवर तंबाखू-सुपारी घोटघोट घोटायची, तोंडात कोंबायची आणि त्याच हातानं अळ्या उचलायच्या. वा रे सोवळं! माझ्या माहेरीही कोसा करत. तंबाखूच्या हातानं अळी मरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. डबा ठेवताना मी झाडाआडूनच नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊले कोण सांगन?"

कोणीच सांगितलं नाही. अळ्या काळ्या पडून टपाटपा गळल्या. भासरे अंगणात आले ते ओरडतच, "हिची सावली पडली! काऊन येत होती इतक्या जवळ?"

भासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, असा रिवाज. मी पदर पुढे ओढला आणि बोलले, "सासूबाई, त्याईचा हात हुंगून पाहा. तंबाखूनं मेल्या त्या."

सासूनं हुंगला. खरंच हुंगला. मग मला म्हणाली, "तू माहेरी जाय. पुढचा कोसा निघतवरी येऊ नको."

नवरा खाली मान घालून पायाचा अंगठा न्याहाळत होता. भासऱ्यांचा राग आला होता, याची मात्र किळस आली.

पुढच्या कोशाला मी त्या गावाच्या वाऱ्यालाही नव्हते. अळ्या तशाच मेल्या. मग नवरा एसटीनं न्यायला आला. माझ्या बापानं दिलेला चहा फुर्रकन पिऊन म्हणाला, "भाऊ म्हणते, घरची लक्ष्मी बाहेर गेली म्हणून दोष लागला. चाल."

"मी जवळ होती तवा मेल्या, दूर होती तवाई मेल्या," मी म्हटलं. "आता मलेई मेली समजा, अन् जा."

तो गेला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.