कानसेन आणि तीन तोंडांचा स्पीकर

त्याला गल्लीत सगळे कानसेन म्हणायचे, आणि उगाच नाही. त्याचं मोटारी, पंखे, पंप दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक मोटार टेबलावर ठेवून रडगाणं सुरू करायचं, तर हा हात वर करून म्हणायचा, "तुम्ही गप्प बसा, तिला बोलू दे." मोटार चालू करायची, डोळे मिटायचे आणि लगेच निकाल, "मागचं बेअरिंग गेलंय." खोललं की तेच निघायचं. एकदा रस्त्यातून जाता जाता कुणाच्या तरी खिडकीतला पंखा ऐकून याने वर हाक मारली होती, "अहो, तेल द्या त्याला, मरतोय बिचारा!"

अशा माणसाने घरी स्पीकर करायला घेतला म्हटल्यावर शंका कोण घेणार?

स्पीकर बायकोसाठी होता. ती घरीच कपडे शिवायची, आणि मशीनशेजारच्या डबड्या रेडिओत प्रत्येक गाणारीला कायमची सर्दी झालेली असायची. नवं नवं लग्न झालं तेव्हा याने छाती ठोकून सांगितलं होतं, "तुला असा स्पीकर करून देईन ना, की गाणारी समोर येऊन बसली पाहिजे!" आता लेक कॉलेजात गेली, तेव्हा कुठे मुहूर्त लागला.

प्लायवूडचं कमरेएवढं खोकं. खाली मोठा स्पीकर, मध्ये मधला, वर कोटाच्या बटणाएवढा ट्वीटर. पण खरी मेख क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये.

"गाणं एकच, पण तिघांत वाटायचंय," तो लेकीला सांगत होता. "जाड आवाज खालच्याला, बारीक वरच्याला. कॉइल बारीक आवाज अडवते, कपॅसिटर जाड अडवतो. वाटणी चुकली की घरात भांडणं."

"आपल्या घरात कसली वाटणी, बाबा? सगळं आईच बोलते."

"कात्री कुठंय गं माझी?" आतून आई.

कॉइल त्याने स्वतः गुंडाळल्या, पाइपच्या तुकड्यावर, एकेक वेढा लाडाने. मोजमाप मात्र नाही. "मीटरबिटर कशाला? कान आहेत ना!" आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

पहिल्यांदा गाणं लावलं. "वरचा झोपलाय," तो म्हणाला. ट्वीटरला आवर घालायला लावलेला रेझिस्टर काढून टाकला. तरी झोपलेलाच. मग कपॅसिटर बदलला, परत बदलला.

"अहो, दात शिवशिवले माझे! बंद करा!"

"तुला डबड्याची सवय. मोकळा आवाज असाच असतो."

"मोकळा? कानात टाचण्या टोचतायत!"

मांजर पडदा फाडून खिडकीतून पळालं. कानसेन म्हणाला, ट्वीटरच खराब आलाय, उद्या परत करतो. शेवटी लेक वैतागली. "थांबा. फोनवरून स्पीकरवर नुसता एक सूर लावते, बारीक होत जाणारा. बघू कोण झोपलंय ते."

सूर सुरू झाला. वर चढला, आणखी चढला.

"का गं, बंद का केलास?"

त्याने वळून पाहिलं. दोघी कानांत बोटं घालून बसल्या होत्या.

"बाबा..." लेक हळूच म्हणाली, "चालू आहे."

इतकी वर्षं दुकानातल्या ग्राइंडरच्या कडेला उभं राहून कानाचा वरचा मजला कधी रिकामा झाला, बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. मोटारीचा घरघराट अजून खणखणीत पोचायचा ना, त्यामुळे कळणार तरी कसं?

स्पीकरवर चादर पडली. दुकानात तो डोळे मिटेना, ऐकेना, आलेली प्रत्येक मोटार सरळ खोलून बसायचा. कुणी "काय कानसेन!" म्हटलं की, "नाव बदला आता," एवढंच. पोरीला तर रडू यायचं.

एका सकाळी बायकोने सुई-दोरा त्याच्यापुढे धरला. रोजचंच होतं ते. तिला जवळचं दिसेनासं झाल्यापासून सुई तोच ओवून द्यायचा. त्याने मुकाट्याने ओवली.

"मला दिसत नाही म्हणून मी शिवणं सोडलं का?" ती म्हणाली.

"त्याचं काय इथे?"

"डोळे तुमचे घेतले, शिवते मी. काढा ती चादर. कान माझे घ्या."

"तुला क्रॉसओव्हरमधलं काय कळतं?"

"दोन कापडं जोडलेली कळतात."

आणि काय सांगू, जमलं की हो! रेझिस्टर परत आला. ती मशीनवर बसून हुकूम सोडायची. "अजून टोचतंय." त्याने मोठा रेझिस्टर लावला. "हां. आता मधल्याची आणि वरच्याची शिवण उघडी पडली, तिथे आवाजाला भोक आहे." भोक म्हणजे मधला पुरेसा वर पोचत नाही, हे त्याला बरोबर कळलं. त्याने मधल्याच्या कॉइलचे दोन वेढे सोडले.

"अजून उसवा."

"उसवा काय! कॉइल आहे ती."

"उसवा म्हटलं ना!"

उसवली. एकदा जास्त उसवली, तर बोलणी खाल्ली आणि परत गुंडाळली. मग एका वेढ्याला तिचा पाय मशीनवर थांबला.

"काय झालं?"

"शिवण दिसतच नाहीये."

त्याला तर गाणं आधीसारखंच वाटत होतं. तो ट्वीटरकडे बघत राहिला, मग तिच्या तोंडाकडे.

"वर काय चाललंय गं?" त्याने विचारलं.

"सूर लावायच्या आधी गाणारी श्वास घेते, तो येतोय. आणि मागे कुणीतरी खुर्ची सरकवली."

"खुर्ची? गाण्यात?" तो कितीतरी दिवसांनी हसला. "कसली गं, लाकडी का लोखंडी?"

तिने हात वर केला.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली, "तिला बोलू दे."