डोंबलाचे सरदार

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी आमच्या घराण्याचा इतिहास घेतला. आडनावांच्या एका वेबसाइटनं आम्हाला सरदार करून टाकलं आणि वडिलांची कॉलर ताठ झाली. मॅडम म्हणाल्या, "हे लिहिलं कुणी? मूळ कागद दाखव."

म्हणून देवळ्याहून आम्ही नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी त्यांच्या वह्यांत असतात. पणजोबांची सापडली: 'धंदा गुरे राखणे', खाली अंगठा. डोंबलाचे सरदार! मी हरखून फोटो काढला. वडिलांचं तोंड एवढंसं झालं.

मग रिवाजाप्रमाणे आमच्या भेटीची नोंद करायला गुरुजींनी वही पुढे सरकवली. वडिलांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सरदार घराणे.'

आता शंभर वर्षांनी एखादी पोरगी याच पानाचा फोटो काढेल आणि मूळ कागद म्हणून पैकीच्या पैकी मार्क घेईल.