अव्वाच्या भिंतीवरचा नाग

गिरिजाबाईंची आणि माझी पहिली ओळख मुरुम गावी, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी झाली. निजामाचं राज्य होतं. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकत होते. आजारी पडले म्हणून श्रावणात घरी आले होते. सोबत सिस्टरांनी बक्षीस दिलेली रंगपेटी होती.

नागपंचमीला माझी आई, आमची अव्वा, भिंतीवरच्या नागाची पूजा करी. त्या वर्षी तो मी काढला, खवल्याखवल्यांचा, छायाप्रकाशासकट. दुधाची वाटी घेऊन आलेली अव्वा दारातच थबकली.

"अगं बया! ह्याच्यापुढं वाटी कोण ठेवंल? डसंल की!"

तिनं शेजारी नव्यानं राहायला आलेल्या गिरिजाबाईंना हाक मारली. त्या माझ्याच वयाच्या. परकर खोचून आल्या, माझ्या नागावर तांबड्या मातीची काव फासली, चुन्यात बोट बुडवलं आणि एका दमात नाग काढला. मान जराशी वाटीकडं कललेली.

"घ्या काकू. उपाशी हाय बिचारा."

"व्हय गं माझे बाई!" म्हणत अव्वानं वाटी ठेवली. ती भिंत तेव्हापासून गिरिजाबाईंची झाली.

रझाकारांच्या धामधुमीत आम्ही दोन्ही घरं सोलापूरला आसऱ्याला होतो. "औंदा भिंतच न्हाय," म्हणून अव्वा रडली. मी रंगपेटी उघडेपर्यंत गिरिजाबाईंनी परातीच्या पाठीवर नाग काढलाही होता. अव्वा हसली. रंगपेटी मी मिटून ठेवली.

पुढं त्या मुंबईला शिकल्या, मोठ्या चित्रकार झाल्या. त्यांच्या धीट रेषेबद्दल जाणकार लिहितात. मी वाचते आणि जळते; ती रेषा आमच्या चुलीच्या धुरात वाढली आहे. विद्यार्थ्यांना त्या अजून म्हणतात, "चित्र झालं की त्याला विचारा, तुला काय हवंय?"

अव्वाच्या शेवटच्या आजारात मी महिनाभर उशाशी होते. गिरिजाबाई दिल्लीतलं प्रदर्शन सोडून, एसटीनं, धुळीनं माखून आल्या. अव्वानं डोळे उघडले.

"गिरजे, जेवलीस का गं?"

मला तिनं महिन्याभरात एकदाही विचारलं नव्हतं. मी उठले आणि आम्हा दोघींसाठी पिठलं टाकलं.

आज त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. अव्वा नाही, पण तिची भिंत मी दर श्रावणात सारवून ठेवते. गिरिजाबाईंनी यावं, नाग काढावा. वाटी मी ठेवीन. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या वयात नव्यानं हेवा करायला मला दुसरं कोण मिळणार?