मागच्या सीटसाठी टायर

नेकनूरच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याचं जुन्या टायरांचं दुकान आहे. माझ्या गाडीला दोन टायर हवे होते आणि नवे घेणं परवडत नव्हतं. सकाळीच आलेल्या ढिगातून मी जाड नक्षीचा टायर उचलला आणि घासाघीस सुरू केली. त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला, डोळे मिटले आणि बाळाची टाळू चाचपावी तसा कडेवरून अंगठा फिरवला.

"नक्षी लई झ्याक हाय, पण रबर वाळलंय, कधीबी फुटंल. गाडीत मागं कोण बसतं, भाऊ?"

"आई."

"मग ह्यो न्हाई."

त्यानं दुसरे दोन टायर काढून दिले. नक्षी कमी, पण रबर मऊ. मला रागच आला. गिऱ्हाईकानं पसंत केलेला माल असा काढून घेतात का?

"मग तो कुणाच्या गळ्यात मारणार, काका?" मी खवचटपणे विचारलं.

म्हातारा हसला. पंक्चर शोधायच्या टबातल्या पाण्यात सुरी बुडवून त्यानं त्या टायरची कड उभी चिरली.

"कुणाच्याच न्हाई. उद्या येणाऱ्याच्याबी मागं कुणीतरी बसतच आसंल की."